दारोदार विक्री व वर्गणी यांचे नियमन

दारोदार विक्री व वर्गणी यांचे नियमन : निश्चित दुकानात न बसता गल्लोगल्ली वा घरोघर फिरून माल विकणे, सेवा देणे, मागणी नोंदविणे किंवा एखाद्या कार्यासाठी द्रव्य गोळा करणे, या व्यवहारांवर शासन व स्थानिक स्वराज्य संस्था यांनी घातलेली कायदेशीर नियंत्रणे. या नियंत्रणांमागे तीन हितसंबंधांचा मेळ घालण्याचा हेतू असतो : विक्रेत्याची उपजीविका, रस्त्यावरील रहदारी व स्वच्छता आणि गृहस्थाचा आपल्या घरातील निवांतपणा व सुरक्षितता. या तिन्ही गोष्टी एकाच अधिनियमात आलेल्या नाहीत. त्यामुळे दारी येणाऱ्या माणसाचे नेमके कार्य कोणते, यावरून त्यास कोणता कायदा लागू पडतो हे ठरते. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील व्यवस्थेचे विवेचन पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे या नगराच्या संदर्भात केले आहे.

पूर्वपीठिका : गावगाड्यात बलुतेदार व अलुतेदार हे स्थायिक कारागीर गावाच्या नित्याच्या गरजा भागवीत. ज्या वस्तू व सेवा गावात उपलब्ध नसत, त्या फिरस्त्यांकडून मिळत. बांगड्या भरणारे कासार, मीठ व धान्य वाहून नेणारे वंजारी, टोपल्या विणणारे कैकाडी, लोखंडी अवजारे घडविणारे घिसाडी, जडीबुटी विकणारे वैदू, भांड्यांना कल्हई करणारे, पाटा-वरवंट्याला टाकी लावणारे आणि जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणी हे सर्व या वर्गात मोडतात. यांच्याच जोडीला वासुदेव, नंदीबैलवाले, गोंधळी इ. भिक्षेकरीही घरोघर फिरत. विक्री आणि भिक्षा यांची सीमारेषा त्या काळी पुसट होती. व्यवहारात ती आजही पूर्णपणे स्पष्ट झालेली नाही.

ब्रिटिश अमदानीत या फिरतीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १८७१ च्या गुन्हेगार जमातीविषयक कायद्याने व त्याच्या नंतरच्या सुधारित स्वरूपांनी अनेक भटक्या जमातींवर हजेरी व परवान्याविना संचारबंदी लादली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तथापि फिरत्या विक्रेत्याविषयीचा संशय कायद्याबरोबर नाहीसा झाला नाही. नियमनाचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. कारण ओळखपत्राची सक्ती हे विक्रेत्याचे संरक्षण आहे की त्याच्यावरील पाळत आहे, हा प्रश्न तीतूनच उद्भवतो.

तळेगाव दाभाडे व पैसा फंड : सेनापती दाभाडे घराण्याचे हे गाव पुणे-लोणावळा लोहमार्गावर वसलेले असून येथील नगरपालिका १८६६ मध्ये स्थापन झाली. दारोदार द्रव्यसंचयाच्या इतिहासात या गावाला विशेष स्थान आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून केवळ एक पैसा गोळा करून त्यातून देशी उद्योगधंद्यांना साहाय्य करावे अशी कल्पना मांडली व तिच्या प्रचारार्थ अविश्रांत भ्रमंती केली. लोकमान्य टिळकांनी या ‘पैसा फंडा’स पाठिंबा दिला. त्यातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना उभा राहिला. लहान लहान वर्गण्यांतून औद्योगिक भांडवल उभे करण्याचे हे उल्लेखनीय उदाहरण होय. अशा उपक्रमाचे यश वर्गणी मागणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर आणि हिशेबाच्या चोखपणावर अवलंबून असते. आजच्या कायद्याने नेमक्या याच दोन गोष्टींची अपेक्षा धरली आहे.

फेरीविक्रीचा घटनात्मक पाया : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (छ) अन्वये नागरिकास कोणताही व्यवसाय वा धंदा करण्याचा हक्क असून अनुच्छेद १९ (६) अन्वये जनहितार्थ त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. मुंबईतील फेरीवाल्यांच्या संघटनेने केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निर्णय देताना फेरीविक्रीची क्षेत्रे व फेरीविक्रीस मनाई असलेली क्षेत्रे वेगळी काढण्याचे तत्त्व मान्य केले. पुढे १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात घटनापीठाने रस्त्यावरील विक्री हा मूलभूत हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. मात्र ठराविक जागेवर कायमचे बसण्याचा हक्क कोणासही नाही, असेही सांगितले. फिरत्या विक्रेत्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. एका जागी ठाण मांडून बसणाऱ्यापेक्षा रस्त्याने चालत जाणाऱ्याचा रहदारीला होणारा अडथळा कमी असल्याने त्याच्यावरील निर्बंधही तुलनेने सौम्य असणे न्याय्य ठरते.

२०१४ चा अधिनियम : पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम १ मे २०१४ पासून अंमलात आला. महाराष्ट्र शासनाने त्याखाली २०१६ मध्ये नियम व २०१७ मध्ये योजना तयार केली. अधिनियमातील व्याख्येनुसार रस्ता, गल्ली, पदपथ, सार्वजनिक उद्यान, अन्य सार्वजनिक जागा किंवा खाजगी क्षेत्र येथे तात्पुरत्या बांधणीतून अथवा जागोजाग फिरून नित्योपयोगी वस्तू विकणारी वा सेवा देणारी व्यक्ती ही पथविक्रेता होय. त्यामुळे डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणारी स्त्री, हातगाडीवाला आणि चाकू-कात्र्यांना धार लावून देणारा कारागीर हे सर्व या व्याख्येत येतात. एका जागी बसणारे स्थिर विक्रेते व फिरते विक्रेते असे वर्ग अधिनियमात केलेले आहेत.

अधिनियमाची कार्यपद्धती पुढीलप्रमाणे आहे : स्थानिक संस्थेने पाच वर्षांतून किमान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावयाचे असते. त्यात आढळलेल्या विक्रेत्यांना, प्रभाग, परिमंडळ वा नगराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के या मर्यादेच्या अधीन राहून, सामावून घ्यावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार तळेगाव दाभाड्याची लोकसंख्या सु. ५६ हजार होती. त्या आधारे ही मर्यादा सु. १,४०० विक्रेत्यांची होते. विक्रेत्यास विक्री प्रमाणपत्र व ओळखपत्र देण्यात येते. त्यासाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. धंदा आपण स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फत करू, उपजीविकेचे दुसरे साधन आपणास नाही आणि प्रमाणपत्र कोणासही भाड्याने वा अन्य प्रकारे हस्तांतरित करणार नाही, असे प्रतिज्ञापन विक्रेत्यास द्यावे लागते. प्रमाणपत्रधारकाचा मृत्यू झाल्यास किंवा त्यास कायमचे अपंगत्व आल्यास मुदत संपेपर्यंत पती वा पत्नी अथवा अवलंबून असलेले अपत्य यांपैकी एकास धंदा चालविता येतो.

या सर्व कामासाठी नगर पथविक्रेता समिती नेमण्यात येते. नगरपरिषद क्षेत्रात मुख्याधिकारी तिचा अध्यक्ष असतो. समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत व त्यांपैकी किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्यास हुसकावून लावता येत नाही. त्यानंतरही स्थलांतर वा निष्कासनापूर्वी तीस दिवसांची नोटीस आवश्यक असते. माल जप्त केल्यास त्याची यादी विक्रेत्यास द्यावी लागते. विक्रेत्याने मागणी केल्यावर व विहित शुल्क भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावयाचा असतो. टोपलीभर भाजी हेच ज्याचे भांडवल, त्याच्या दृष्टीने या तरतुदीचे मोल प्रमाणपत्राहूनही अधिक आहे. कारण दुसऱ्या दिवशी परत मिळालेल्या पालेभाजीला बाजारात किंमत उरत नाही.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये रस्त्यावरील अडथळे दूर करण्याचे व उपविधी करण्याचे अधिकार नगरपरिषदेस आहेत. परंतु पथविक्रीच्या बाबतीत दोहोंत विसंगती आल्यास २०१४ चा अधिनियम वरचढ ठरतो. आठवडे बाजारात बसणाऱ्याकडून घेतले जाणारे बाजार शुल्क म्हणजे परवाना नव्हे. ती केवळ जागेच्या वापराची फी असते व तिच्या पावतीने घरोघर विक्रीचा अधिकार प्राप्त होत नाही.

हद्दींचा प्रश्न : प्रमाणपत्र देणारी संस्था ते आपल्या हद्दीपुरतेच देऊ शकते, फिरत्या विक्रेत्याची वाट मात्र हद्दीपाशी थांबत नाही. तळेगावाहून लोकल गाडीने पुण्याच्या दिशेने निघालेल्या विक्रेत्यास देहू रोड येथे कटक मंडळाची, तर चिंचवड येथे महानगरपालिकेची हद्द लागते. नवलाख उंबरे परिसरातील औद्योगिक क्षेत्रात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ हे नियोजन प्राधिकरण आहे. रेल्वेची जमीन व गाड्या २०१४ च्या अधिनियमातून वगळलेल्या असून परवान्याविना तेथे विक्री करणे १९८९ च्या रेल्वे अधिनियमानुसार अपराध आहे. नगराचा परवाना नगरपरिषदेकडे असला, तरी कायदा व सुव्यवस्थेच्या दृष्टीने तळेगाव हे २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत येते. ग्रामीण भागातील ग्रामपंचायतींची व्यवस्था आणखी निराळी आहे. परिणामी एकाच दिवसाच्या फेरीत एकाच विक्रेत्याची कायदेशीर स्थिती दोन-तीन वेळा पालटू शकते. ही विद्यमान व्यवस्थेतील मोठी उणीव होय.

घराचा उंबरठा : पथविक्रेत्याचे प्रमाणपत्र रस्त्यापुरते असते, कोणाच्याही आवारात शिरण्याचा हक्क त्याने मिळत नाही. दारापर्यंत येऊन विचारणा करण्यास सामान्यतः गर्भित संमती मानली जाते. मात्र नकार दिल्यावर अथवा मनाईचा फलक लावलेला असता ती संमती उरत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्था आपल्या आवारातील प्रवेशाचे नियम ठरवितात. औद्योगिकीकरणामुळे तळेगाव परिसरात बैठ्या घरांची जागा मोठ्या गृहसंकुलांनी घेतली. त्याबरोबर हा निर्णय गृहिणीकडून पहारेकऱ्याकडे व व्यवस्थापक समितीकडे गेला आणि फिरत्या विक्रेत्याची बाजारपेठ प्रवेशद्वारापाशी अडली.

कंपन्यांच्या प्रतिनिधींना निराळे नियम लागू आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील थेट विक्रीविषयक नियम २८ डिसेंबर २०२१ पासून अंमलात आले. त्यांनुसार थेट विक्रेत्यास ओळखपत्राशिवाय आणि पूर्वनियोजित भेट वा संमती यांशिवाय ग्राहकाच्या घरी जाता येत नाही. आपले व कंपनीचे नाव, मालाचे स्वरूप आणि भेटीचा हेतू त्याने आरंभीच सांगावयाचा असतो. नवे सभासद जोडण्यावर उत्पन्न मिळवून देणाऱ्या साखळी योजनांना या नियमांनी मनाई केली आहे. मागविलेली वस्तू घरपोच देणारा कामगार मात्र विक्रेता नव्हे. कारण विक्रीचा करार तो दारी येण्यापूर्वीच झालेला असतो.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ व वजनमापे वापरणाऱ्यास वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ यांतील तरतुदीही लागू होतात.

वर्गणी व भिक्षा : धार्मिक वा धर्मादाय कार्यासाठी वर्गणी गोळा करणे हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कक्षेत येते. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळास त्यातील कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते व जमाखर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. गणेशोत्सव व नवरात्र यांसाठी दरवर्षी स्थापन होणारी मंडळे याच तरतुदीखाली परवानगी घेतात. वर्गणी ऐच्छिक असते. तिच्यासाठी धाकदपटशा केल्यास खंडणीचा अपराध घडू शकतो. परवानगीपत्र दाखविण्याची मागणी करणे व पावती घेणे हे देणगीदाराच्या हिताचे असते.

१९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक अधिनियमात खाजगी आवारात शिरून भिक्षा मागणे, तसेच सार्वजनिक ठिकाणी गायन, नर्तन, भविष्यकथन किंवा एखादी वस्तू विक्रीस पुढे करणे या मिषाने भिक्षा मागणे हेही भिक्षेत समाविष्ट आहे. या व्यापक व्याख्येमुळे किरकोळ वस्तू विकणारा गरीब मनुष्य भिक्षेकरी ठरण्याचा धोका संभवतो. दिल्लीस लागू केलेल्या याच अधिनियमातील भिक्षेस अपराध ठरविणाऱ्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. अशा परिस्थितीत विक्री प्रमाणपत्र हा आपण भिक्षेकरी नसून व्यावसायिक असल्याचा विक्रेत्याजवळचा महत्त्वाचा पुरावा होय.

इतर देशांतील व्यवस्था : इंग्लंडमध्ये १८७१ च्या कायद्यानुसार पायी फिरणाऱ्या विक्रेत्यास पोलिसांकडून एक वर्ष मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील ग्रीन रिव्हर या नगराने १९३१ मध्ये गृहस्थाच्या निमंत्रणाविना विक्रीसाठी दारी येण्यास बंदी घातली व तिचे अनुकरण अनेक नगरांनी केले. मात्र धर्मप्रचार वा मतप्रचार यांसाठी घरोघर जाण्यास परवान्याची अट घालता येणार नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरविले. यूरोपीय संघात दारी केलेली खरेदी चौदा दिवसांत रद्द करण्याचा हक्क ग्राहकास आहे. तेथील भर विक्रेत्याच्या परवान्यापेक्षा ग्राहकाच्या फेरविचारावर आहे.

मूल्यमापन : गॅस शेगडीच्या तपासणीचा किंवा दागिने उजळून देण्याचा बहाणा करून होणाऱ्या फसवणुकींमुळे दारी येणाऱ्या प्रत्येकाविषयी अविश्वास निर्माण होतो व त्याची झळ प्रामाणिक विक्रेत्यास पोहोचते. दोहोंत फरक करण्याचे सोपे व स्वस्त साधन म्हणजे स्थानिक संस्थेने दिलेले ओळखपत्र. परंतु ते मिळणे नियतकालिक सर्वेक्षणावर अवलंबून असते आणि सर्वेक्षणाच्या वेळी स्थिर विक्रेता जागेवर सापडतो, फिरता विक्रेता मात्र सुटून जाण्याचा संभव असतो. ज्याला ओळखीची गरज सर्वाधिक, तोच नोंदीबाहेर राहतो. सर्वेक्षणात फिरत्या विक्रेत्यांची स्वतंत्र मोजणी करणे, लगतच्या संस्थांनी परस्परांची प्रमाणपत्रे मान्य करणे आणि गृहसंकुलांनी प्रमाणपत्रधारकांना ठराविक वेळी प्रवेश देणे, या उपायांनी विक्रेत्याची उपजीविका व गृहस्थाची सुरक्षितता ही दोन्ही उद्दिष्टे बव्हंशी साधता येतील.