सौर विद्युत संच : जमाखर्च आणि मर्यादा

रुग्णालयाच्या गच्चीवर सौर विद्युत संच बसवावा, अशी सूचना हितचिंतकांकडून वारंवार येत असते. संच बसला की विजेचे देयकही येणार नाही आणि जनित्रही लागणार नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः या दोन निरनिराळ्या सोयी असून त्यांचा खर्चही निराळा आहे. म्हणून देणगीदारांपुढे हा हिशेब मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एक किलोवॉट क्षमतेस सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते व मुंबई परिसरात त्यापासून वर्षाकाठी साधारण १,३०० युनिट वीज मिळते. पावसाळ्यात उत्पादन बरेच घटते. उदाहरणादाखल १० किलोवॉटचा संच घेऊ. त्याचा खर्च ६ लाख रुपये आणि विजेचा दर प्रतियुनिट ९ रुपये धरल्यास वर्षाला १,१७,००० रुपये वाचतात. देखभालीचे १७,००० रुपये वजा जाता भांडवल ६ वर्षांत वसूल होते. पॅनेल २५ वर्षे टिकतात; इन्व्हर्टर मात्र १०-१२ वर्षांनी बदलावा लागतो. त्यासाठी दरवर्षी निधी बाजूस काढला नाही, तर ही बचत कागदावरचीच ठरेल. नफा मिळविणाऱ्या कंपनीस घसाऱ्यापोटी करात सूट मिळते आणि २०२४ ची पंतप्रधान सूर्यघर योजना घरगुती ग्राहकांसाठी आहे. धर्मादाय न्यासास दोहोंचाही उपयोग नाही.

मनोरीस एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी. खाऱ्या वाऱ्याने साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला हवा. पॅनेल गोड्या पाण्याने धुवावी लागतात. दुरुस्तीस येणारा कारागीर मार्वेहून बोटीने, नाहीतर भाईंदर-उत्तनचा वळसा घेऊन येणार, हेही कंत्राट करताना विसरता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. बॅटरीविना वीजजाळ्यास जोडलेला संच, बाहेरचा पुरवठा खंडित होताच आपणहून बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास धक्का बसू नये, यासाठी ही योजना आहे. दि. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला, तशा प्रसंगी केवळ अशा संचावर विसंबून प्रसूतिगृह चालविता येणार नाही. बॅटरी घेतल्यास भांडवल वसूल होण्यास अधिक काळ लागतो, हे खरे. परंतु लसींचा शीतकपाट आणि प्रसूतिगृहातील दिवे यांचे मोल प्रतियुनिट दराने कसे काढावे?

यास्तव पॅनेलसाठी येणाऱ्या देणगीतील काही भाग या दोन ठिकाणांपुरत्या बॅटरीसाठी राखून ठेवण्यास देणगीदारांनी अनुमती द्यावी, ही विनंती. जनित्र तूर्त काढले जाणार नाही.