मागचा जाड बार

न्यू जर्सीत डावीकडे वळायचं तर पुष्कळदा आधी उजवीकडे जावं लागतं. याला 'जगहँडल' म्हणतात. उजव्या हाताला एक आखूड रस्ता फुटतो, गोल फिरतो आणि आडव्या रस्त्याला आणून सोडतो. हायवेवरून उतरायचे गोल रॅम्प आहेत ते वेगळेच. अमेरिकेतला पहिला क्लोव्हरलीफ, म्हणजे अशा गोल रॅम्पांचा जोड, 1929 साली इथल्याच वुडब्रिजला झाला. तो आता राहिला नाही, पण त्याची पिलावळ राज्यभर पसरली आहे. पिवळ्या पाटीवर ताशी 25 मैल लिहिलेलं असतं आणि मागून येणाऱ्याला ते मान्य नसतं. त्यामुळे इथे गाडी वळणात कशी वागते, हा प्रश्न रेसच्या हौशीचा राहत नाही. ऑफिस, ओक ट्री रोडवरचा किराणा, रविवारची पोराची मराठी शाळा, कुठेही जा, तो रोज समोर येतो.

माझी गाडी 2014 ची सुबारू इम्प्रेझा. गुणी गाडी, पण गोल रॅम्पवर जरा वेगाने घातली की आधी एका कुशीवर कलायची, मग नाक बाहेरच्या कठड्याकडे न्यायला लागायची. स्टिअरिंग आणखी कापा, आणखी कापा, तरी पुढची चाकं घासत सरळच जाऊ बघणार. टायर नवे होते, हवा बरोबर होती, शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळत नव्हते. हे तिन्ही तपासल्याशिवाय स्वे बारकडे, म्हणजे गाडीचं कलणं अडवणाऱ्या दांड्याकडे, वळू नये. मेलेल्या शॉकवर जाड बार चढवला तर पैसे गेले आणि गाडी होती तशीच राहिली.

आमच्या शेजारी एक काका मुलाकडे राहतात. पिंपरीला टेल्कोत आयुष्य गेलं त्यांचं. त्यांना म्हटलं, "काका, मागचा स्वे बार बदलावा म्हणतोय."

"अरे, कंपनीने बारीक ठेवलाय तो काय उगीच?" ते म्हणाले. "अर्धं पैसे वाचवायला, अर्धं तुमचा जीव वाचवायला."

या उत्तराच्या दुसऱ्या अर्ध्यात सगळी गोम आहे.

स्वे बार म्हणजे स्प्रिंग-स्टीलचा इंग्रजी 'यू'च्या आकाराचा दांडा. मधला भाग दोन बुशांतून सबफ्रेमला धरलेला असतो आणि दोन्ही टोकं लहान लिंकांनी डाव्या-उजव्या चाकाच्या आर्मला जोडलेली असतात. त्याचं काम बैलांच्या मानेवरच्या जुवासारखं. दोघांनी एकदम मान वर केली तर जू निमूट वर येतं. एकाने केली तर दुसऱ्याला ओढ बसते. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं बरोबर उठली की बार बुशांत नुसता फिरतो, कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही. वळणात मात्र बाहेरचं चाक दाबलं जातं, आतलं सुटू बघतं, आणि बार पिळला जातो. हा पीळ सोडवून घेण्याची त्याची धडपड गाडीला कलू देत नाही. 1919 साली कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांनी याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही.

इथपर्यंत सोपं आहे. गाडी कमी कलते म्हणून चांगली वळते, असं बहुतेक जण समजतात, आणि तिथेच घसरतात. मागचा बार जाड केल्याने मागची पकड वाढत नाही. ती थोडी कमी होते, आणि सुधारणा होते ती त्यामुळेच.

वळणात आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो एकूण किती जाणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं; बार त्यात जवळपास काही करू शकत नाही. त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, एवढंच बारच्या हातात असतं. आणि टायरची गंमत अशी की त्याच्यावर भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. समजुतीपुरते आकडे घेऊ. 300 किलो भाराखाली टायर 300 ची पकड देतो म्हणा. दोघांचे मिळून 600. आता एकावरचे 150 उचलून दुसऱ्यावर टाकले. 450 वाला 420 देईल, 150 वाला 160. बेरीज 580. भार तेवढाच राहिला, पकड 20 ने घटली. जी जोडी ही देवघेव जास्त करते ती आपली थोडी पकड गमावते. जाड बार लावून आपण ते काम मागच्या जोडीकडे सरकवतो. पुढच्या जोडीवरची ओढाताण कमी होते, तिला पकड उरते, आणि नाक सांगाल तिकडे वळतं.

मग कंपनी हे का करत नाही? कारण घाबरलेला माणूस पहिलं काय करतो, तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. पाय काढला की भार पुढे येतो. बाहेर पळणारं नाक त्यामुळे आपोआप आत येतं. म्हणजे भित्र्या माणसाची चूक ऐन वेळी बरोबर ठरते. मागून सैल असलेल्या गाडीत तोच पाय काढला तर शेपूट बाहेर पडतं, आणि ते आवरायला उलटं स्टिअरिंग मारावं लागतं, जे शंभरातल्या थोड्यांनाच साधतं. शेव्हरोलेची 1960 ची कॉर्व्हेअर हा याचा गाजलेला धडा. इंजिन मागे, मागची चाकं झुलत्या अ‍ॅक्सलवर, आणि पुढचा स्टॅबिलायझर बार खर्च वाचवण्यासाठी गाळलेला. त्याऐवजी पुढच्या टायरात मागच्यापेक्षा खूपच कमी हवा ठेवायला सांगत; ती कोण ठेवणार! 1964 च्या मॉडेलला पुढचा बार कायमचा आला. मोटारींच्या धोक्यांवरचं राल्फ नेडर यांचं पुस्तक त्यानंतर, 1965 मध्ये, आणि त्याचं पहिलं प्रकरण याच गाडीवर. सरकारी चाचणीने 1972 मध्ये गाडीला तिच्या बरोबरीच्या गाड्यांइतकीच स्थिर ठरवलं, पण तोवर ती बंद होऊन गेली होती. पुढचा बार घालून तिच्यात जे साधलं, त्याच्या नेमकं उलट मी करायला निघालो होतो.

दिलासा एवढाच की माझ्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आहे. 2012 च्या मॉडेलपासून ते इथे प्रत्येक नव्या कारला सक्तीचं आहे. आणि मला कंपनीने ठेवलेला सावधपणा सगळा काढायचा नव्हता, थोडा खरवडायचा होता.

जुना बार व्हर्नियरने मोजला तर 14 मिलिमीटर भरला. नवा 19 चा घेतला, दोनेकशे डॉलरचा. फरक पाच मिलिमीटरचा वाटतो, पण भरीव दांड्याचा पीळ न घेण्याचा गुण जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. हिशेब केला तर नवा बार जुन्याच्या साधारण 3.4 पट ताठ. मागची स्प्रिंग आहे तीच राहते, म्हणून गाडीचा मागचा भाग काही तेवढ्या पटीने ताठ होत नाही. तरी 'घ्यायचाच तर सगळ्यात जाड घ्या' म्हणणाऱ्यांनी ही चौथ्या घाताची गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

काम सुरू केलं ते गाडी मागून चाकांखालच्या सुट्या रॅम्पवर चढवून. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. एकच बाजू जॅकवर उचलून हे काम होत नाही, हे पक्कं. एक चाक लोंबतं आणि दुसरं जमिनीवर असलं की बार आधीच पिळलेला असतो. लिंकचा बोल्ट काढला की तो उसळतो, आणि लावताना भोकं जुळत नाहीत. दोन्ही चाकं एका उंचीवर हवीत, टेकलेली असोत की लोंबती.

खरा घाम काढला तो गंजाने. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ मारतात, आणि ते गाडीच्या पोटाला वर्षभर चाटत राहतं. बोल्टांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. तरी एक नट पान्याला दाद देईना. काका टॉर्च धरून उभे होते. "जोर नको लावूस, मोडेल. आधी आवळ." आवळायच्या दिशेला जरासा झटका दिला, कट्ट आवाज झाला, आणि मग तोच नट मुकाट्याने उलटा फिरला. ब्रॅकेटचे बोल्ट बारा-चौदाच्या पान्याने निघाले. जुना बार एक्झॉस्टच्या वरून तिरपा करत, एक टोक खाली, एक वर, असा बाहेर काढावा लागतो. हातात घेतल्यावर त्याचं हलकेपण जाणवतं.

नव्या बारबरोबर पॉलियुरेथेनचे बुश आले होते, एका बाजूने चिरलेले. ते उघडून बारवर चढवायचे, पण आतून ग्रीस नीट माखल्यावरच. कोरडे बसवले तर प्रत्येक खड्ड्याला कुरकुर ऐकावी लागते. ग्रीस सिलिकॉनचं, बुशांबरोबर पुडीत आलेलं. साधं पेट्रोलियमचं ग्रीस रबराला फुगवतं, म्हणून ते लिंकच्या रबराजवळ जाऊ दिलं नाही. बारला बाजूला सरकू न देणाऱ्या कड्या बुशांना लागून कसायच्या, पण घासू द्यायच्या नाहीत. मध्ये कागद जाईल एवढी फट.

नव्या बारच्या टोकांना दोन-दोन भोकं असतात. बाहेरचं धरलं तर तरफ लांब, म्हणून बार मऊ. आतलं धरलं तर ताठ. मऊ बाजूने सुरुवात केली. सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून ठेवले. लिंकच्या नटांचा शेवटचा आवळा टॉर्क रेंचने दिला तो गाडीचा भार चाकांवर असतानाच, कारण रबराचे बुश ज्या स्थितीत आवळाल तिलाच घर मानतात. लोंबत्या स्थितीत आवळले की रोजच्या चालण्यात कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

पहिला जगहँडल घेतला तो नेहमीच्याच वेगाने. फरक कलण्यात कमी आणि क्रमात जास्त होता. पूर्वी स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी कलून घ्यायची, मग वळायची. आता दोन्ही एकदम होतं. रॅम्पवर अर्ध्यात स्टिअरिंग पुन्हा कापावं लागत नाही. हायवेवर लेन बदलताना मागचा भाग डुलत उशिराने येत नाही. वेग तोच राहिला, पण हातांची खटपट निम्म्याने कमी झाली.

किंमतही मोजावी लागलीच. सांगलीहून आलेली आई मागे बसली होती. एका बाजूचं चाक मॅनहोलच्या खड्ड्यात गेलं तसं म्हणाली, "पूर्वी असं डोकं हलत नव्हतं रे." बरोबर आहे. एका चाकाचा धक्का आता दुसऱ्या बाजूला जास्त पोचतो आणि गाडी आडवी हिसकते. पुण्याच्या मित्राने त्याच्या स्विफ्टसाठी विचारलं, तेव्हा आधी हेच सांगितलं. त्याच्या गाडीला मागे वेगळा बार नाहीच. दोन्ही चाकांना जोडणारा ट्विस्ट बीम स्वतःच पिळून बारचं काम करतो. त्याला जोडायचे बार मिळतात, पण एका बाजूला खड्डा आणि एका बाजूला पेव्हर ब्लॉक अशा रस्त्यावर तो हिसका त्याला दिवसभर खावा लागेल.

शरद ऋतूत मी आतल्या, ताठ भोकावर जाऊन पाहिलं. कोरड्या रस्त्यावर झकास. मग ओल्या पानांनी भरलेल्या रॅम्पवर सहज पाय काढला आणि मागचा भाग किंचित सरकला. डॅशबोर्डवर स्टॅबिलिटीचा पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी सावरली. घरी येऊन लिंक पुन्हा बाहेरच्या भोकात घातली. आता स्नो टायर चढवताना गाडी वर असतेच, तेव्हा चारही ब्रॅकेट बोल्ट आणि लिंकचे नट टॉर्क रेंचने तपासतो, आणि बुशात थोडं ग्रीस भरतो.