दात, हिरड्या आणि स्मरणशक्ती

नोव्हेंबर उजाडला की जबलपूरच्या राइट टाउनसारख्या जुन्या वस्तीतून निवृत्तिवेतनधारक हयातीच्या दाखल्यासाठी बँकेची वाट धरतात. एखाद्या आजोबांची सही नमुन्याशी जुळत नाही, एखाद्या आजींना पासबुक कोठे ठेवले ते आठवत नाही. ‘वय झाले’ म्हणून सारे सोडून देतात. दात हलू लागले तरी हेच म्हटले जाते. या दोन तक्रारींत काही नाते आहे काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्र आता गांभीर्याने विचारीत आहे.

हिरड्यांचा जुनाट दाह म्हणजे तोंडातील न भरणारी जखमच होय. दात व हिरडी यांमधील खाचेत जंतू साठतात आणि त्यांचा उपद्रव रक्तावाटे अन्यत्रही पोहोचू शकतो. 2019 मध्ये संशोधकांनी अल्झायमरग्रस्तांच्या मेंदूत ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ या हिरड्यांच्या जंतूचे अंश आढळल्याचे प्रसिद्ध केले. खळबळ उडाली. परंतु या जंतूची विकरे रोखणारे औषध रुग्णांवर योजले असता, 2021 मधील निष्कर्षांनुसार, स्मृतीची घसरण एकंदरीत थांबली नाही. ‘लॅन्सेट’ आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे 14 धोके सांगितले. त्यांत मधुमेह, धूम्रपान, श्रवणदोष आहेत, हिरड्यांचा रोग नाही. तेव्हा दात घासल्याने विसरभोळेपणा टळतो, असे सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

तरीही नाते अगदीच पोकळ नाही. हिरड्यांचा दाह रक्तशर्करा आटोक्यात येऊ देत नाही, आणि मधुमेह त्या यादीत आहेच. दात गेले की भाकरी, शेंगदाणे, कोशिंबीर ताटातून जातात. मऊ भातावर दिवस निघतात. कवळी सैल असलेला माणूस चारचौघांत बोलणेही टाळू लागतो. उलट, ज्याची स्मृती क्षीण होत आहे तो दात घासणेच विसरतो. कित्येकदा घरच्यांना पहिली खूण तेथेच दिसते.

म्हणून रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने दात घासावे, कवळी काढून पाण्यात ठेवावी, मिसरी व तंबाखू सोडावी. हिरडीतून रक्त येत असल्यास दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. (आरोग्यविम्यात दातांचा खर्च बहुधा बसत नाही, हे आधीच पाहून ठेवावे.)

हात थरथरून सही करता येत नसेल, तर दोन साक्षीदारांसमक्ष, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो, अंगठ्यावर काम होते. समजच हरपल्यास मात्र तो अंगठाही चालत नाही. नामनिर्देशन आणि संयुक्त खात्याचे अर्ज सही जुळत असतानाच भरून घ्यावेत.