तोबा : खचलेल्या डोंगरातलं गोडं पाणी

पारापातहून सामोसिरकडे निघालेल्या बोटीत बसलं की समुद्रातून चाललोय असंच वाटत राहतं. ओंजळभर घेऊन चाखलं, तर पाणी गोडं. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचं हे तोबा सरोवर सुमारे 100 किलोमीटर लांब, 30 किलोमीटर रुंद आणि सर्वांत खोल जागी 500 मीटर. त्यापुढे आपलं लोणार म्हणजे डबकंच. बुलढाणेकरांनी राग मानू नये.

ज्वालामुखीच्या तोंडात पाऊस साठला, एवढं सांगून इथले वाटाडे मोकळे होतात. पण तोंडाचा प्रश्नच नाही, अख्खं छप्परच बसलं. सुमारे 74,000 वर्षांपूर्वी राख आणि शिलारस इतका उसळला की खालची कोठी रिती झाली आणि आधार सुटलेली जमीन आत खचली. डच भूवैज्ञानिक व्हॅन बेमेलन यांनी 1939 मध्ये तोबाच्या जन्माचा हा उलगडा मांडला. पुढचं काम विषुववृत्तावरच्या पावसानं आणि डोंगरातल्या ओढ्यांनी केलं. पाणी चढत गेलं आणि आग्नेयेला जिथे काठ सखल होता तिथून बाहेर पडलं. तीच आसाहान नदी. सरोवरातून बाहेर पडायला एवढी एकच वाट.

खरी गंमत सामोसिर बेटावर. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे पातळ, पांढुरके थर एकावर एक दिसतात. नख लावलं की भुकटी होते, आणि ती हाताला विलक्षण हलकी लागते. ही डायाटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची कवचं. ती साचतात पाण्याच्या तळाशी. मग डोंगरावर कशी आली? तळच वर आला! खाली शिलारस पुन्हा जमू लागला, त्यानं खचलेली जमीन शेकडो मीटर उचलली आणि सरोवराच्या पोटातून हे बेट निघालं. त्यावर पुन्हा सिदिहोनी नावाचं तळं आहेच.

तोबाची राख आपल्याकडेही पोचली. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी तिचा थर आहे. तो याच उद्रेकाचा की तोबाच्याच आणखी जुन्या एखाद्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या बाजूला जाणं झालं तर जरूर बघा, फक्त उकरू नका.