शून्य लिटर आणि कोरा रकाना

दूधवाल्याची वही आठवा. तारीख, लिटर, आणि खाडा झाला तर फुली. हीच वही मोबाइल ॲपमध्ये उतरवायची, तर प्रोग्रामर आधी एका नोंदीचा साचा ठरवतो. त्याला म्हणतात मॉडेल. कोणते रकाने आणि प्रत्येकात कोणत्या प्रकारची माहिती, एवढंच त्यात असतं. काम सोपं वाटतं, पण खोड्या इथेच दडलेल्या असतात.

ग्राहकाचा फोन नंबर घ्या. नाव ‘नंबर’, म्हणून तो संख्येच्या रकान्यात टाकला की पुण्याचा 020 होतो 20. सुरुवातीचं शून्य गळतं. शिवाय 32 बिटांच्या रकान्यात सहसा जास्तीत जास्त 2,14,74,83,647 ही संख्या मावते. आपले मोबाइल नंबर 6 ते 9 ने सुरू होतात, म्हणजे एकही बसायचा नाही. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, तो मजकूरच समजावा.

पैशाचं उलटं. दशांशात संगणक 0.1 आणि 0.2 मिळवून 0.30000000000000004 सांगतो, कारण द्विमान पद्धतीत 0.1 नेमका लिहिताच येत नाही. म्हणून रक्कम पूर्णांकात, पैशांत ठेवतात.

माझा आवडता पेच मात्र फुलीचा. दूध आलंच नाही म्हणजे शून्य लिटर. नोंद करायची राहिली म्हणजे कोरा रकाना. दोन्हींना शून्य मानलं, तर महिनाअखेरीस भांडण ठरलेलं. कॉटलिन भाषेत रकाना कोरा राहू शकत असेल तर त्याच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह द्यावं लागतं. ते दिलं, की कोऱ्या रकान्याचं काय करायचं हे सांगितल्याशिवाय कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्रासाठी भाषांतरित करणारं साधन, तो आकडा हिशोबात धरूच देत नाही.