साठीनंतरची सफर, मोटारीविना

मंडळी, 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्याने केली, त्याने साठीतल्या माणसाला सहलीचा बेत आखताना पाहिले नसावे. विशीतला माणूस पाठीवर पिशवी टाकतो आणि निघतो. साठीतला माणूस आधी गोळ्यांची डबी भरतो, चष्म्याची दुसरी जोडी शोधतो, वाटेत स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा नकाशा मनात काढतो. आणि एवढे सगळे झाल्यावर एक विचार त्याला पुन्हा उंबऱ्याच्या आत ओढतो : आपले ओझे दुसऱ्यावर तर पडणार नाही ना?

आपल्या वसई-विरारकडे या विचारावर मुलांनी एक उत्तर शोधलेले असते. गाडी काढायची. आईवडिलांना मागच्या सीटवर बसवायचे, दारे लावायची, काचा वर करायच्या. मुलांचा हेतू प्रेमाचाच असतो. पण महामार्गावरच्या कोंडीत दोन-दोन तास अडकलेल्या गाडीत मागे बसलेला म्हातारा माणूस प्रवासी राहत नाही, तो सामान होतो. थांबायचे कुठे, निघायचे केव्हा, काहीच त्याच्या हातात नसते. म्हणून आज मोटारीविना करायच्या सहलीबद्दल बोलायचे आहे, आणि तीही पाऊस सरल्यावरच्या, कोजागरीनंतरच्या दिवसांतली.

दक्षिण युरोपात म्हाताऱ्या प्रवाशांचा हाच हंगाम. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली, ऊन सौम्य झालेले. तिथे मोटारींना थारा नसलेली गावे आहेत. व्हेनिसमध्ये रस्त्यांच्या जागी पाणी आहे. ग्रीसच्या हायड्रा बेटावर अजून खेचरांच्या पाठीवरून सामान जाते. पण त्यासाठी विमानाचे तिकीट काढायचे कारण नाही. वसईहून पहाटे निघालो तर दुपारच्या जेवणाआधी आपण अशाच एका गावात पोहोचू शकतो. त्याचे नाव माथेरान.

माथेरान आज रायगड जिल्ह्यात आहे, पण ते इंग्रजांच्या नजरेस आणले ठाण्याच्या कलेक्टरने. ह्यू मॅलेट हे त्यांचे नाव आणि साल १८५०. म्हणजे २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण ज्या ठाणे जिल्ह्यात होतो, त्याच जिल्ह्याच्या कचेरीतून माथेरानची वाट फुटली. डोंगराची उंची सुमारे ८०० मीटर. १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळपासून वरपर्यंत छोटी रेल्वे बांधली. पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचा. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये, त्या काळातले. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ही गाडी जवळजवळ २१ किलोमीटर वळणे घेत चढते आणि दोन तासांहून अधिक वेळ घेते. ज्याला घाई आहे त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

गावात मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. पुढे रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर इंजिनाचे वाहन नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. म्हाताऱ्या माणसासाठी याचा अर्थ काय? मागून हॉर्न वाजत नाही. रस्त्याच्या मधून चालले तरी कुणी ओरडत नाही. आणि तरुण असो की वृद्ध, प्रत्येकजण पायीच चालतो. आपण मागे पडलो असे वाटण्याचे कारण उरत नाही.

आता प्रवासाकडे येऊ. माझे म्हणणे असे की प्रवास दुखतो तो आपल्या शरीरासारखाच, म्हणजे सांध्यांवर. गाडीत बसलेले असताना कुणाला काही होत नाही. एक वाहन सोडून दुसरे धरायचे, तिथे गुडघ्याची आणि धीराची परीक्षा असते. म्हणून बेत आखताना अंतरे मोजू नका, सांधे मोजा.

पहिला सांधा दादर. वसई ते दादर साधारण तासाभराचा प्रवास. दिवस उजाडल्यानंतरच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाने विरार लोकलशी झुंज घेऊ नये. पहाटे पाचच्या सुमारास निघावे. या वयात झोप तशीही लवकर उडते. एका गल्लीत फजरची अजान होते, दुसऱ्या गल्लीत कार्तिकातली काकडआरती. आपण दोन्ही ऐकत स्टेशनची वाट धरावी. दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेकडे जायचे. इथे एक सूचना : जुने फलाट क्रमांक ज्यांना पाठ आहेत त्यांनी ते विसरावेत. डिसेंबर २०२३ पासून दादरचे फलाट एकापुढे एक मोजले जातात आणि मध्य रेल्वेचे फलाट आठपासून सुरू होतात. सरकता जिना किंवा लिफ्ट कुठे आहे ते आधी विचारून घ्यावे. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते आणि पुढे नेरळपर्यंत पावणेदोन तास बसायचे आहे, तेव्हा ते काम दादरलाच उरकावे. लघवी होण्याची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशीची वेळ आधीच डॉक्टरांना विचारावी. संकोच करू नये. कितीतरी लोक केवळ या एका भीतीपोटी घरी बसतात.

ज्यांना दादरचा पूल नकोच, त्यांनी वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या मेमू गाडीची वेळ पाहावी. दिव्याला कर्जतकडे जाणारी लोकल मिळते. फेऱ्या मोजक्या आहेत, त्यामुळे वेळापत्रक हाती असल्याशिवाय हा मार्ग धरू नये.

दुसरा सांधा नेरळ. कर्जत किंवा खोपोली लोकल इथे थांबते. छोटी गाडी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज या भागात बंद असते आणि साधारण पावसाळा सरल्यावर सुरू होते. डोंगराने या गाडीची अनेकदा परीक्षा पाहिली आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग उखडला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा खचला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडी परत धावली. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी चालू आहे ना, याची रेल्वेकडे खात्री करून घ्यावी. डबे लहान आहेत, गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना लागतात. स्वच्छतागृहाची सोय इथेही धरू नये. ज्यांची पाठ दुखते त्यांनी नेरळहून सामायिक टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जावे. टॅक्सीही मोटारच, हे मला मान्य आहे. पण व्रत मोडले तरी चालेल, पाठ मोडू नये.

तिसरा सांधा दस्तुरी नाका. इथून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर. नाक्याजवळच अमन लॉज स्थानक आहे आणि तिथून माथेरानपर्यंत शटल गाडी जाते. सामान हमालाकडे द्यावे, दर आधी ठरवावा, आणि ठरवताना पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये.

याच नाक्यावर एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ सोयीचा नाही. वर्षानुवर्षे माथेरानमध्ये ज्याला चालवत नाही त्याला माणसांनी ओढलेल्या रिक्षात बसवून नेत असत. एक माणूस पुढून ओढतो, दुसरा मागून ढकलतो, चढ असला की दोघांची छाती भात्यासारखी चालते. आत बसलेला असतो आपल्यासारखाच एखादा ज्येष्ठ नागरिक. त्याचीही लाचारी खरी आणि ओढणाऱ्याचीही. मोटारबंदीने धूर थांबवला, पण तिचा भार कुणाच्या तरी खांद्यावर पडला. डिसेंबर २०२२ मध्ये इथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवली, ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करण्यास सांगितले. निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. मला या निकालातला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. कुणाचे ओझे उतरवताना त्याची भाकर काढून घ्यायची नसते.

वर पोहोचल्यावरचे नियोजन सोपे आहे. मुक्कामाची जागा निवडताना तीनच प्रश्न विचारावेत : बाजारापासून चालत किती वेळ, खोलीपर्यंत पायऱ्या किती, आणि कमोड आहे का. खिडकीतून दरी दिसते की नाही हा चौथा प्रश्न. शनिवार-रविवार आणि दिवाळीची सुट्टी टाळावी. आपल्याला कुठे रजेचा अर्ज द्यायचा आहे? किमान तीन रात्री राहावे. पहिल्या दिवशी काही बघू नये, फक्त बसावे. दुसऱ्या दिवशी बाजाराजवळचा खंडाळा पॉइंट. तिसऱ्या दिवशी शार्लोट तलाव आणि त्याच्या काठचे पिसारनाथाचे मंदिर. जाताना उतार असला की येताना चढ असतो, हे ध्यानात ठेवून निम्मा दम परतीसाठी राखून ठेवावा. पॅनोरमा पॉइंट लांब आहे, तो नातवंडांसाठी सोडून द्यावा. घोड्यावर बसण्याची हौस साठीनंतर आवरलेली बरी. हाडे आता तितकी लवकर जुळत नाहीत.

वाट तांबड्या मातीची आणि बारीक खड्यांची आहे. खडा पायाखाली गोटीसारखा फिरतो, म्हणून तळव्याला पकड असलेले बूट आणि हातात काठी हवीच. खाण्याची पिशवी उघडी धरू नये, माकडे ती हिसकावतात. चष्मा दोरीने बांधलेला बरा. या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत अंधार लवकर दाटतो. त्याआधी खोलीवर परतावे आणि विजेरी जवळ ठेवावी. गावात पालिकेचा दवाखाना आहे, पण मोठ्या आजारासाठी खाली उतरावे लागते. हृदयविकार किंवा दम्याचा ताजा त्रास असेल तर बेत पुढच्या वर्षावर ढकलावा. डोंगर कुठे जात नाही.

परतताना सकाळीच उतरावे. दुपारच्या छोट्या गाडीने उतरलात तर दादरला पोहोचेपर्यंत विरारकडे परतणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी फलाटावर उभी असते. सकाळी शटल आणि टॅक्सीने नेरळ गाठले, तर दुपारच्या रिकाम्या लोकलने चहाच्या वेळेला माणूस घरी.

या सफरीचा खरा लाभ पाहिलेल्या पॉइंटांत नाही. तिकीट आपण काढले, गाडी आपण बदलली, थांबायचे तिथे आपण थांबलो, यात तो आहे. तेव्हा मुलांनो, यंदा आईवडिलांना सहलीला 'नेऊ' नका. त्यांच्यापुढे वेळापत्रक ठेवा, फोनवर नंबर लावून द्या, आणि बेत त्यांना आखू द्या. बरोबर गेलात तर एक पाऊल मागे चाला.