गोळपचा सडा आणि दुसरी बॅटरी

रत्नागिरीत सपाट रस्ता फार वेळ साथ देत नाही. मिरकरवाड्याहून मारुती मंदिराकडे निघालात की चढ. भाट्याचा पूल ओलांडून पावसला जायचे तर गोळपच्या सड्यावर चढा, पलीकडे उतरा, येताना पुन्हा तेच. म्हणून मालवाहू विजेची सायकल घेताना पहिली शंका येते ती हीच: दुसरी बॅटरी घ्यावी का?

हिशेब मांडू. 48 व्होल्ट, 15 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 720 वॉट-तास मावतात. वीजबिलातले पाऊण युनिटही नाही! तळ न गाठता त्यातले 80 टक्के, म्हणजे 576 वापरायचे. पावसहून आंब्याच्या चार पेट्या आणायच्या आहेत. जाऊन-येऊन 34 किलोमीटर धरू. टायरचे घर्षण आणि वारा यांवर किलोमीटरला 11 वॉट-तास, म्हणजे 374. सडा सोयीसाठी 100 मीटर उंच मानू. पेट्या, सायकल, माणूस मिळून 200 किलो वर न्यायला 54 वॉट-तास लागतात, मोटरमधली गळती धरून 72. जाताना रिकाम्या सायकलीला 40. एकूण 486. पायडल माराल तो नफा. उतारावर मात्र काही परत मिळत नाही. बहुतेक सायकलींत ती ऊर्जा ब्रेक तापवण्यातच जाते.

म्हणजे आपण धसका घेतो चढाचा, आणि बॅटरी खाते अंतर. दुसऱ्या बॅटरीच्या वजनाची तक्रारही फोल आहे: पाच किलो जादा सड्यावर चढवायला दोन वॉट-तास पुरतात.

नवी बॅटरी पुरते. काही वर्षांनी तिची क्षमता 80 टक्क्यांवर आली की वापरायला उरतात 461, आणि गाडी अडते. अडते तीही नेमकी परतीच्या चढावर, पेट्या लादलेल्या असताना. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो; मोटरने जोराचा प्रवाह ओढला की व्होल्टेज कोसळते आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. पडद्यावर चार्ज दिसत असतो, सायकल मात्र ढिम्म.

दोन सारख्या बॅटऱ्या समांतर जोडल्या तर प्रत्येकीवर निम्मा प्रवाह येतो आणि प्रत्येकीतली उष्णता चौथाई होते. पण नवी-जुनी जोडी थेट तारेने जोडू नये. भरलेली बॅटरी रिकामीत बेफाम प्रवाह ढकलते; आगीला तेवढे पुरे. एक संपली की दुसरी लावावी, किंवा त्यासाठीच बनवलेले नियंत्रक वापरावे.

माझे मत विचाराल तर आज घेऊ नका. लिथियमची बॅटरी कपाटात पडूनही म्हातारी होते, पूर्ण भरून कोकणच्या उकाड्यात ठेवली तर लवकरच. आधी चार्जर सोबत ठेवून पाहा. पावसला पेट्या बांधून होईपर्यंत तासभर प्लग मिळाला, तर तीन अँपिअरचा साधा चार्जरही दीडशेच्या आसपास वॉट-तास भरतो. जुन्या बॅटरीची तूट त्यात भरून निघते, तीही नेमकी सडा चढण्याआधी.